कर्ता नसलेलं वाक्य

स्टॉकहोममधल्या पहिल्या हिवाळ्यात मी रोज एका माणसाच्या मरणावरून चालत ऑफिसला जात होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

स्वेआवेगेन हा शहराच्या मधून जाणारा रुंद, सरळ आणि खरं सांगायचं तर रटाळ रस्ता. बसगाड्या, ऑफिसं, काचेची दुकानं. कामावर जाताना मी मान खाली घालून चालायचे, कारण बर्फावर घसरून पडण्याची भीती. तरीही एका कोपऱ्यावर फूटपाथमध्येच बसवलेली धातूची पाटी मला दिसली नाही. बर्फ आणि घसरू नये म्हणून टाकलेली खडी यांच्याखाली ती झाकलेली असायची. एप्रिलमध्ये नगरपालिकेच्या गाड्या खडी झाडून नेतात. त्या आठवड्यात ती उघडी पडली.

योगायोग असा की त्याच सुमारास आमच्या स्वीडिश भाषेच्या वर्गात कर्मणी प्रयोग चालू होता. स्वीडिशमध्ये तो फार सोपा. क्रियापदाला शेवटी एक ‘स’ लावायचा, की कर्ता गायब. ‘दार उघडलं जातं.’ ‘पत्र लिहिलं गेलं.’ बाई म्हणाल्या, कोणी केलं ते माहीत नसेल, किंवा सांगायचं नसेल, तेव्हा हे रूप कामाला येतं. मी वहीत लिहून घेतलं. परत येताना पाटीपाशी थांबले आणि अडखळत वाचलं: ‘या ठिकाणी स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे मारले गेले, २८ फेब्रुवारी १९८६.’ ‘म्योर्दादेस.’ शेवटी तोच ‘स’. सकाळी शिकलेला धडा संध्याकाळी पायाखाली.

नाव मला अनोळखी नव्हतं. सांगलीत आमच्या वाड्यात १९८८-८९च्या सुमारास पोरं एकमेकांना ‘ए बोफोर्स’ म्हणून चिडवायची. क्रिकेटमध्ये धावा खोट्या मोजल्या की बोफोर्स, रेशनवाल्यानं मापात मारलं की बोफोर्स. मोठ्यांच्या बोलण्यात स्वीडन नावाचा देश यायचा आणि त्याच्या मागून ‘तिथला पंतप्रधानसुद्धा मारला की’ हे वाक्य. ते सुद्धा कर्त्याशिवायच.

ती रात्र स्वीडनमध्ये मिनिटामिनिटानं पाठ असलेली माणसं आहेत. मलाही आता बरीच पाठ झाली आहे.

शुक्रवार होता. दुपारच्या सुमारास पाल्मेंनी अंगरक्षकांना घरी जायला सांगितलं. आता लागणार नाही तुमची. हे नेहमीचंच होतं. पंतप्रधान आणि त्यांची बायको लिस्बेत गामला स्तान, म्हणजे जुन्या शहरातल्या एका अरुंद गल्लीतल्या घरात राहायचे. संध्याकाळी मुलगा मोर्टेन आणि त्याची मैत्रीण ग्रँड थिएटरला सिनेमा बघायला जाणार आहेत असं कळलं, तेव्हा आपणही जाऊ असं ठरलं. आयत्या वेळी. दोघं चालत स्टेशनवर गेले, मेट्रोत बसले आणि रोदमन्सगाटानला उतरले. थिएटरवर तिकिटं जवळपास संपली होती. देशाचा पंतप्रधान तिकिटाच्या रांगेत उभा आहे हे बघून कोणी बाजूला झालं असेल, असं आपल्याला वाटतं. पण तसं होण्याची इथे रीत नाही.

सिनेमा अकराच्या सुमारास सुटला. मुलाचा निरोप घेऊन नवराबायको दक्षिणेकडे चालू लागले. मेट्रोनं न जाता चालत जाऊ म्हणाले. कडाक्याची थंडी. मध्येच रस्ता ओलांडून ते पलीकडच्या फूटपाथवर गेले, कारण लिस्बेतला एका दुकानाच्या काचेत काहीतरी बघायचं होतं. त्या कपड्यांच्या दुकानाचं नाव होतं ‘सारी’. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. इतक्या थंडीत, रात्रीच्या अकरा वाजता, बंद दुकानासमोर बायको थांबते आणि नवरा शेजारी खिशात हात घालून उभा राहतो, हे दृश्य मला लक्ष्मी रोडपासून माहीत आहे. तिथून कोपरा काही पावलांवर. ११ वाजून २१ मिनिटांनी मागून एक माणूस आला आणि अगदी जवळून गोळी झाडली. दुसरी गोळी लिस्बेतच्या पाठीला चाटून गेली. तो माणूस टुनेलगाटान या बाजूच्या गल्लीत शिरला आणि गल्लीच्या टोकाच्या दगडी जिन्यावरून वर नाहीसा झाला.

मी तो जिना चढले आहे. पायथ्याशी टेकडीच्या पोटातून जाणारा पादचाऱ्यांचा बोगदा आहे, १८८६ साली खुला झालेला, खुनाच्या बरोबर शंभर वर्षं आधी. पण तो रात्री बंद असतो, म्हणून जिना. नव्वदच्या आसपास पायऱ्या. वर पोचले तेव्हा माझा श्वास फुलला होता आणि मागे कोणी लागलेलं नव्हतं.

पुढचं सगळं पोलिसांच्या नामुष्कीचं आहे. जागा घेरली ती इतकी थोडी, की लोक रक्ताच्या शेजारी गुलाब ठेवत होते. दोन्ही गोळ्या सापडल्या त्या रस्त्यानं जाणाऱ्या सामान्य माणसांना, पुढच्या दोन दिवसांत. पिस्तूल आजतागायत सापडलेलं नाही. तपासाचे प्रमुख हान्स होल्मेर यांनी कुर्दी बंडखोरांच्या मागे वर्ष घालवलं आणि १९८७मध्ये राजीनामा दिला. १९८९मध्ये क्रिस्तेर पेटरसन नावाच्या एका व्यसनी, हिंसक गुन्हेगाराला खालच्या कोर्टानं दोषी ठरवलं, लिस्बेतनं त्याला ओळखलं म्हणून. त्याच वर्षी वरच्या कोर्टानं सोडून दिलं, कारण ओळख परेड धड झाली नव्हती. मग वर्षानुवर्षं काही नाही. १३०हून जास्त लोकांनी ‘मीच मारलं’ म्हणून कबुली दिली. २०१०मध्ये खुनाच्या गुन्ह्याची मुदत संपण्याचा कायदाच बदलला, त्यामुळे फाईल उघडी राहिली. १० जून २०२० रोजी सरकारी वकिलांनी पत्रकार परिषद घेतली. त्या वकिलांचं नावही क्रिस्तेर पेटरसनच, दैवाचा विनोद. त्यांनी घटनास्थळाजवळच्या विमा कंपनीत काम करणाऱ्या एका माणसाचं नाव घेतलं आणि सांगितलं की तो २००० सालीच वारला असल्यामुळे खटला चालवता येत नाही, सबब तपास बंद. ठोस पुरावा नव्हताच. टीव्हीसमोर बसलेला देश आधी गप्प झाला आणि मग चिडला.

हे सगळं मी आमच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना एकदा उत्साहानं सांगत होते. त्या सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर पाळणाघरात शिक्षिका होत्या. आम्ही अधूनमधून कॉफी घेतो. मधल्या वेळच्या कॉफीला इथे ‘फीका’ म्हणतात, आणि माझ्यासारख्या चहावालीला ते नाव अगदी पटतं. मी जिना, गोळ्या, दुकान असं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग कप ठेवून म्हणाल्या, “तू पण आमच्यासारखीच झालीस. चाळीस वर्षं सगळे विचारतायत कोणी मारलं. कोणाला मारलं ते कोणी विचारतच नाही.”

म्हणजे व्याकरणाच्या भाषेत, मी कर्ता शोधत बसले होते. कर्माकडे बघितलंच नव्हतं.

तर पाल्मे. मी त्यांना ‘ते’ म्हणते आहे ते शेजारीणबाईंना कळलं तर त्या हसतील. इथे राजा सोडून सगळे ‘तू’ आहेत, आणि स्वीडिश लोक त्यांना नुसतं ‘ओलोफ’ म्हणतात. माझ्या जिभेला ते जमत नाही.

जन्म ३० जानेवारी १९२७, स्टॉकहोमच्या उस्टरमाल्म या श्रीमंत भागात. वडील विमा कंपनीत संचालक, आई बाल्टिक समुद्राकाठच्या लिव्होनियातल्या जर्मन घराण्यातली. वडील गेले तेव्हा ओलोफ सात वर्षांचे होते. आजारी, पुस्तकात डोकं खुपसून बसणारं पोर. नंतर बड्यांच्या मुलांची निवासी शाळा. या घरातून समाजवादी नेता निघावा असं काहीच नव्हतं. पण घराण्याची एक फांदी आपल्याकडे आलेली आहे. पाल्मे घराण्यातल्या अ‍ॅना नावाच्या बाईनं केंब्रिजमधल्या उपेंद्र कृष्ण दत्त या बंगाली डॉक्टरशी लग्न केलं, आणि त्यांचा मुलगा म्हणजे ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचा नेता रजनी पाम दत्त. माझ्या आजोबांच्या कपाटात त्यांचं भारतावरचं जाडजूड पुस्तक होतं. आपण ‘पाम’ म्हणतो आणि हे ‘पाल्मे’ म्हणतात, म्हणून ते एकच आडनाव आहे हे मला चाळिशीत कळलं.

आपण समाजवादी कसे झालो याची पाल्मे तीन कारणं सांगत. एक, १९४७मध्ये ऐकलेला करांवरचा एक वाद. दोन, अमेरिका. ओहायोमधल्या केन्यन कॉलेजात ते शिकले आणि मग रस्त्यावर अंगठा दाखवून, मिळेल त्या गाडीतून तीसहून अधिक राज्यं फिरले. श्रीमंत देशातली गरिबी आणि काळ्यांची अवस्था बघितली. तिसरं कारण १९५३ची आशियाची सफर. विद्यार्थी संघटनेचे नेते म्हणून ते भारतापासून इंडोनेशियापर्यंत हिंडले. वसाहतवाद म्हणजे काय ते तिथे कळलं असं ते म्हणत. सहा वर्षांचं स्वातंत्र्य असलेल्या त्या भारतात सव्वीस वर्षांच्या या गोऱ्या मुलानं नेमकं काय बघितलं असेल, याचा मी कधीकधी विचार करते. फाळणीच्या छावण्या? मुंबईच्या चाळी? त्याच्याआधी १९४९मध्ये प्रागमधल्या एका मुलीशी त्यांनी नावापुरतं लग्न केलं होतं, कम्युनिस्ट राजवटीतून तिला बाहेर पडता यावं म्हणून. पुढे जे लोक त्यांना रशियाचा हस्तक म्हणाले त्यांना ही गोष्ट कधी आठवली नाही.

त्याच १९५३मध्ये पंतप्रधान टागे एर्लांडर यांनी त्यांना सचिव म्हणून घेतलं. एर्लांडर तेवीस वर्षं पंतप्रधान होते, १९४६ ते १९६९. त्या माणसाच्या हाताखाली सोळा वर्षं उमेदवारी, मग खुर्ची. तेव्हा पाल्मे बेचाळीस वर्षांचे.

त्यांनी काय केलं याची यादी मी देणार नाही. त्यातलं माझ्या घरात शिरलेलं तेवढं सांगते. १९७१मध्ये नवरा-बायकोचा कर वेगवेगळा मोजायला सुरुवात झाली. ऐकायला किती रुक्ष. पण त्याआधी बायकोची कमाई नवऱ्याच्या कमाईत मिळवून वरच्या दरानं कर लागायचा, त्यामुळे ‘तू नोकरी करून उपयोग काय’ हे वाक्य हिशोबानं बरोबर ठरायचं. १९७४मध्ये बाळंतपणाची रजा ‘पालकांची’ झाली. आई-बापांनी मिळून १८० दिवस, कोणी किती घ्यायचे ते त्यांनी ठरवावं. असं करणारा स्वीडन जगातला पहिला देश. आता ते ४८० दिवस झाले आहेत. माझ्या मुलीच्या वेळी माझा नवरा सात महिने घरी होता. सांगलीहून सासूबाई रोज व्हिडिओ कॉल करायच्या आणि विचारायच्या, “अजून नोकरी लागली नाही का गं त्याला?” पाल्मे १९७० साली वॉशिंग्टनमध्ये बायकांच्या एका क्लबात भाषणाला गेले होते आणि विषय निवडला होता पुरुषांची मुक्ती. पुरुषालाही मूल वाढवण्याचा हक्क मिळाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. समोरच्या बायकांचे चेहरे मला बघायचे होते.

बाहेरच्या जगाला मात्र पाल्मे माहीत झाले ते जिभेमुळे. फेब्रुवारी १९६८, शिक्षण खात्यात मंत्री असताना, ते स्टॉकहोमच्या रस्त्यावर मशाल घेऊन उत्तर व्हिएतनामच्या राजदूतांच्या शेजारून मोर्चात चालले. अमेरिकेनं आपला राजदूत परत बोलावला. त्याच वर्षी मे महिन्यात विद्यार्थ्यांनी आपल्याच संघटनेची इमारत ताब्यात घेतली, तर हे मंत्री पोलीस न पाठवता स्वतः आत गेले आणि पोरांशी वाद घालत बसले. ती इमारत पाटीच्या कोपऱ्यापासून फार लांब नाही. १९७२च्या नाताळात अमेरिकेनं हनोईवर बाँब टाकले तेव्हा पाल्मेंनी एक छोटं निवेदन केलं. त्यात कत्तली झालेल्या जागांची नावं होती: गेर्निका, ओरादूर, बाबी यार, कातिन, लिदित्से, शार्पव्हिल, त्रेब्लिंका. आता त्यात हनोई. बस. अमेरिकेनं वर्षाहून जास्त काळ स्वीडनचा राजदूत घेतला नाही. पण या यादीत कातिन आहे हे बघा. तिथली कत्तल रशियनांची, आणि १९७२मध्ये ते जाहीर म्हणणं डाव्यांच्या पंगतीत बसणाऱ्याला परवडणारं नव्हतं. १९७५मध्ये त्यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या सत्ताधाऱ्यांना ‘हुकूमशाहीची पिलावळ’ म्हटलं आणि हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये कैद्यांना गोळ्या घातल्या तेव्हा ‘सैतानी खुनी’. मग डबा घेऊन रस्त्यावर उभे राहून स्पेनसाठी पैसे गोळा केले. पंतप्रधान, हातात डबा, आपल्याकडे पूरग्रस्तांसाठी फिरवतात तसा.

आमच्याकडे त्यांची आणखी एक आठवण असायला हवी. जून १९७२मध्ये स्टॉकहोमला पर्यावरणावरची पहिली मोठी जागतिक परिषद भरली. यजमान पाल्मे सोडले तर एकच परदेशी सरकारप्रमुख आले होते, इंदिरा गांधी. १९८४मध्ये अण्वस्त्रांविरुद्ध सहा देशांनी मिळून आवाहन केलं, त्यातही हे दोघं होते. ऑक्टोबरमध्ये इंदिराबाई गेल्या. जानेवारी १९८५मध्ये पाल्मे दिल्लीत त्यांच्या मुलाशेजारी बसून त्याच कामाच्या जाहीरनाम्यावर सही करत होते. तेरा महिन्यांनी स्वतः गेले. त्या दोन घरांपाशी सुरक्षेचा किती फरक होता आणि शेवट किती सारखा, हे माझ्या मनातून जात नाही. दक्षिण दिल्लीत ओलोफ पाल्मे मार्ग आहे. तिथे उभं राहून कोणाला विचारलं तर बहुतेक रिक्षावाले सांगतील, पुढे डावीकडे.

आता बोफोर्स, कारण ते टाळून लिहिणं म्हणजे फसवणूक. शांततेसाठी जगभर फिरणारा हा माणूस कार्लस्कूगा गावातल्या बोफोर्स या तोफांच्या कारखान्याचा विक्रेताही होता. तिथे हजारो कामगार, त्यांच्या युनियन आणि त्यांची मतं पाल्मेंच्याच पक्षाची. राजीव गांधींशी मैत्री होती, तोफांचा विषय त्यांनी स्वतः काढला. २४ मार्च १९८६ला करार झाला, ४१० तोफा, १,४३७ कोटी रुपये. पाल्मेंच्या खुनाला महिनाही झाला नव्हता. लाच दिल्याची बातमी स्वीडिश रेडिओनं १६ एप्रिल १९८७ला दिली आणि मग आमच्या वाड्यापर्यंत पोचली. शेजारीणबाईंना मी हे विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तटस्थ राहायचं तर शस्त्रं स्वतः बनवावी लागतात, बनवायची तर विकावी लागतात, असं आम्हाला सांगायचे.” जरा थांबून म्हणाल्या, “ओलोफसुद्धा तेच सांगायचा. आणि ते त्याच्या तोंडी शोभायचं नाही.” डाग तो एकच नाही. १९७३मध्ये दोन पत्रकारांनी उघड केलं की सत्ताधारी पक्षाशी लागेबांधे असलेली एक गुप्त हेरसंघटना देशातल्या डाव्यांवर पाळत ठेवते आहे. पाल्मेंनी आधी हात झटकले. आणि तुरुंगात गेले ते पत्रकार.

म्हणजे त्यांच्यावर रागवायला कारणं होती. पण त्यांचा जो द्वेष झाला तो या कारणांसाठी नव्हताच. त्या द्वेषाला स्वीडिशमध्ये वेगळा शब्द आहे, ‘पाल्मेहातेत’, पाल्मेद्वेष. दुसऱ्या कोणा पंतप्रधानाच्या नावाचा असा शब्द झालेला मी ऐकला नाही. आपल्याच वर्गाला दगा दिलेला माणूस, हे मूळ दुखणं. एर्लांडरही समाजवादीच, पण खेड्यातल्या शिक्षकाचा मुलगा, बोलायला गमत्या. पाल्मे उस्टरमाल्मचे, पाचसहा भाषा बोलणारे आणि वादात समोरच्याला सोलून काढणारे. स्वीडनमध्ये मी बारा वर्षांत जे शिकले त्यात मुख्य हे, की इथे माणसाला चूक करण्याची मुभा असते, हुशारी दाखवण्याची नसते. १९७६ साल त्यांना वाईट गेलं. जानेवारीत करचुकवेगिरीच्या संशयावरून पोलिसांनी दिग्दर्शक इंगमार बर्गमनला चालू तालमीतून उठवून नेलं. मार्चमध्ये मुलांची लाडकी लेखिका अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन हिनं आपल्याला १०२ टक्के कर बसतोय म्हणून एक खोचक परीकथा वर्तमानपत्रात छापली. सप्टेंबरमध्ये चाळीसहून जास्त वर्षांची सत्ता गेली. १९८२मध्ये परत आले तेव्हा द्वेष जास्त धारदार झालेला. पाल्मे वेडा आहे, रशियाचा हेर आहे, विजेचे झटके घेतो, असल्या गोष्टी सभ्य घरांतल्या जेवणाच्या टेबलावर बोलल्या जायच्या. त्यांच्या चेहऱ्याच्या, बाण मारायच्या चकत्या विकत मिळायच्या.

शेजारीणबाईंच्या वडिलांकडे अशी चकती होती. हे त्यांनी मला फार उशिरा, ओळख होऊन सात-आठ वर्षांनी सांगितलं.

वडिलांचा लहानसा कारखाना होता, तीसेक कामगार. कंपन्यांच्या नफ्यातून कामगार संघटनांच्या ताब्यातले निधी उभारायचे आणि त्यातून कंपन्यांचे शेअर घ्यायचे, असा कायदा १९८३मध्ये येत होता. मालक लोक हादरले होते. ४ ऑक्टोबरला स्टॉकहोममध्ये त्याविरुद्ध ७५ हजारांचा मोर्चा निघाला. सूट-टायतली माणसं, आयुष्यात पहिल्यांदा घोषणा देत होती. वडील त्यात होते. मुलगी सरकारी पाळणाघरात शिक्षिका, म्हणजे त्यांच्या मते पाल्मेच्या पगारावर. नाताळला जेवण अर्ध्यावर टाकून कोणीतरी उठायचं. चकती गॅरेजमध्ये होती. वडील रात्री जेवण झालं की तिकडे जायचे, आणि स्वयंपाकघरात टक्, टक्, टक् असा आवाज यायचा. वडील वाईट नव्हते, असं त्या दोनदा म्हणाल्या. शेजाऱ्यांचं बर्फ स्वतः उपसायचे.

मी काही बोलले नाही. आमच्या आजीच्या माहेरी ‘अठ्ठेचाळीस साल’ म्हटलं की मोठी माणसं खोलीतून उठून जायची. आमची घरं जाळली ते सांगायला सगळे तयार असत. ३० जानेवारीच्या आधी त्याच घरात त्या म्हाताऱ्याबद्दल काय बोललं जात होतं, हे मात्र मी आजीला मरेपर्यंत विचारू शकले नाही.

१ मार्चच्या सकाळी शेजारीणबाईंनी घरी फोन केला. वडिलांनीच उचलला. “ऐकलं,” एवढं म्हणाले आणि आईकडे दिला. आईनं नंतर सांगितलं की पहाटे रेडिओ लागल्यावर ते स्वेटर न घालता गॅरेजमध्ये गेले, चकती काढून आणली आणि शेगडीत घातली. रंगाचा वास दिवसभर घरात होता.

आणि त्यानंतर वडिलांनी नवा छंद धरला. खुनाचा तपास. स्वीडनमध्ये अशा हौशी शोधकांना शब्द आहे, ‘खासगी तपासनीस’, आणि ते शेकड्यांनी होते. वडील वर्तमानपत्रं कापून वह्यांत चिकटवायचे, रस्त्यांचे नकाशे काढायचे, साक्षीदार किती वाजता कुठे उभा होता त्याचे तक्ते करायचे. स्टॉकहोमला आले की मुलीला घेऊन त्या कोपऱ्यावर जायचे आणि घड्याळ लावून जिना चढायचे. गुडघे गेले तरी. कुर्दी, पेटरसन, दक्षिण आफ्रिकेचे हेर, उजव्या विचारांचे पोलीस. कोणावरही त्यांचा संशय पुरेसा टिकायचा नाही. खून होण्याच्या एकच आठवडा आधी स्टॉकहोममध्ये वर्णद्वेषाविरुद्ध पाल्मेंनी मोठं भाषण केलं होतं, दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्यांच्या लढ्याचे नेते ऑलिव्हर टांबो समोर बसले होते. वर्णद्वेष सुधारता येत नाही, तो संपवावाच लागतो, असं ते म्हणाले. वडिलांच्या वहीत त्या भाषणाची तारीख होती, ‘दक्षिण आफ्रिका?’ या शीर्षकाखाली. भाषणात काय होतं ते नव्हतं.

पाल्मेंची कबर त्या कोपऱ्यापासून पाच मिनिटांवर अ‍ॅडॉल्फ फ्रेडरिक चर्चच्या आवारात आहे. ओबडधोबड दगड आणि त्यावर नुसती त्यांची सही. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तलाही आधी इथेच पुरलं होतं, असं गाईड सांगतात. मागच्या २८ फेब्रुवारीला मी शेजारीणबाईंबरोबर गेले. लाल गुलाबांवर बर्फ पडत होतं. त्यांनी हातमोज्यानं सहीवरचं बर्फ झटकलं, अक्षर खराब आहे म्हणाल्या, आणि आम्ही कॉफी प्यायला गेलो. तिथे त्यांनी मला वडिलांच्या वह्यांचं पुढचं सांगितलं.

वडील २००६मध्ये गेले. एकोणीस वह्या निघाल्या. शेजारीणबाईंनी एका सुट्टीत बसून सगळ्या चाळल्या. पहिलं कात्रण १ मार्च १९८६चं. त्याच्या आधीची एक ओळ नाही, पाल्मेंचा जिवंतपणीचा एक फोटो नाही. मग घर विकायला काढलं. बघायला एक तरुण जोडपं आलं होतं, बाई गरोदर होती. खोल्या बघून झाल्यावर ते गॅरेजमध्ये गेले. भिंतीच्या लाकडावर छातीच्या उंचीला बारीक बारीक भोकं होती, शेकडो, गोलाकार, आणि मधला गोल कोरा. नेम चुकलेले सगळे बाण.

“इथे काय टांगलं होतं?” त्या मुलानं विचारलं.

“कॅलेंडर,” शेजारीणबाई म्हणाल्या.